विहिरीत सोडलेला कंदील

आमच्या मळ्यातली विहीर सात परस, म्हणजे सात पुरुष खोल. निफाड तालुक्यातली काळी जमीन, वरचे दोन परस दगडी बांधकाम आणि त्याखाली सरळ खडक. वैशाखात पाणी तळाला गेलं की दोन-तीन वर्षांतून एकदा गाळ काढायला गडी लावायचे. मी तेव्हा सहावी-सातवीत असेन. सकाळी चार गडी आले, दोर आला, पाट्या आल्या, चहा झाला आणि सगळे विहिरीच्या काठावर येऊन नुसते उभे राहिले. कारण आबा, म्हणजे माझे आजोबा, कंदील पेटवत होते.

कंदिलाच्या कडीला सुतळी बांधून आबांनी तो हळूहळू खाली सोडला. तोंडाशी ज्योत सरळ होती. चौथ्या परसाला ती बारीक झाली, थरथरली आणि विझली. वर ओढला, काडी लावली, पुन्हा सोडला. पुन्हा तिथेच विझला. मग गड्यांनी लिंबाचे डहाळे दोराला बांधून विहिरीत खालीवर घुसळले, वरून बादल्यांनी पाणी ओतलं, तासभर वाट पाहिली. दुपारी तिसऱ्यांदा कंदील विझला तेव्हा आबा म्हणाले, "आज विहीर बंद." आणि संध्याकाळी त्यांनी चौघांच्या हातावर अख्ख्या दिवसाची मजुरी ठेवली.

आजी चिडली. गाळाची एक पाटी वर आली नाही आणि मजुरी कसली? आबांनी टोपी काढून खुंटीला लावली आणि म्हणाले, "अर्धी दिली असती, तर पुढच्या बारीला कंदील विझला म्हणून कुणी मला सांगंल का?"

आज कारखान्यांतल्या सुरक्षेचं काम करताना मला दोन दशकं उलटून गेली. नाशिक भागातल्या अंबड, सातपूर, सिन्नर, दिंडोरी, सगळीकडची गेटं पाहिली. कायदा शिकलो, गॅस मीटर वापरायला शिकलो, जाड जाड मॅन्युअलं लिहिली. पण आबांच्या त्या एका वाक्यापाशी मी पुन्हा पुन्हा येतो.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो, कारण गावाकडे अजूनही कंदिलावर भरवसा ठेवणारी माणसं आहेत. कंदील पुरेसा नाही. हवेत ऑक्सिजन साधारण २०.९ टक्के असतो. १९.५ च्या खाली गेला की आम्ही माणसाला आत जाऊ देत नाही, आणि कंदिलाची ज्योत १६-१७ टक्क्यांपर्यंत तग धरते. म्हणजे ज्योत जळतेय तरी माणूस धोक्यात असू शकतो. विहिरीत उतरवून डिझेल इंजिन चालवलं असेल तर तिथे कार्बन मोनॉक्साइड साठतो, तो कंदिलाला कळतच नाही. गटाराच्या टाकीतला हायड्रोजन सल्फाइड तर नाकालाही फसवतो. थोडा असताना सडक्या अंड्याचा वास येतो, आणि जास्त झाला की वास येणंच बंद होतं. तेव्हा आबांचा कंदील मी आदराने जपून ठेवलाय, पण वापरायचा मीटर. आबांकडून घ्यायचं ते ती मजुरी.

१९९८ मध्ये मेकॅनिकलचा डिप्लोमा करून मी अंबडच्या एका प्रेस शॉपमध्ये ट्रेनी म्हणून लागलो. राहायला सिडकोत, तिघांत एक खोली. कारखान्यात अकरा प्रेस, म्हणजे पत्रा दाबून कापणारी-वाकवणारी यंत्रं, एका रांगेत, गाड्यांना लागणारे ब्रॅकेट आणि क्लिपा काढायच्या. प्रेस शॉपचा आवाज कानाआधी पायांतून येतो. पहिले आठ दिवस रात्री अंथरुणावर पडलो तरी जमीन हलतेय असं वाटायचं.

प्रेसला दोन बटणं असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही एकदम दाबली तरच स्ट्रोक पडतो, म्हणजे प्रेस एकदा खाली येते. हेतू साधा आहे, दोन्ही हात बटणांवर असले की डायमध्ये, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या साच्यात, हात राहत नाही. आमच्या सहा नंबरच्या प्रेसवर दुसऱ्या पाळीला जे दादा होते, ते कामावर आले की खिशातून एक पाचर काढायचे. पॅकिंगच्या फळीची, अंगठ्याएवढी, तेलाने काळी पडलेली. ती डाव्या बटणाच्या कडेला ठोकून बसवली की ते बटण दाबलेलंच राहायचं. मग उजव्या हाताने स्ट्रोक मारायचा आणि डाव्या हातात आकडा धरून नग बाहेर ओढायचा. पाळी संपली की पाचर परत खिशात. तिच्या कडा झिजून गोल झाल्या होत्या. लाकूड असं झिजायला महिने लागतात. मी ती पाचर रोज पाहायचो. सुपरवायझर पाहायचे. मॅनेजर साहेब रोज दोनदा त्या रांगेतून फिरायचे.

पावसाळ्याचे दिवस होते, रात्रीचे सव्वानऊ. मी चार नंबरपाशी नगांची मापं घेत होतो. आवाज वेगळा काही आला नाही. मध्ये बोट आलं म्हणून प्रेसचा आवाज बदलत नाही. दादांनी हात छातीशी धरला आणि ते हळूच खाली बसले, जमिनीवर, एखादा दमलेला माणूस बसतो तसे. डाव्या हाताची दोन बोटं गेली होती.

एका पोराने धावत जाऊन कॅन्टीनमधून बर्फ आणला आणि बोटं थेट बर्फात ठेवली. तुटलेला भाग स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून, मग ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची असते. थेट बर्फ लागला की पेशी मरतात. हे तेव्हा आमच्यापैकी कुणालाही ठाऊक नव्हतं. माझ्या कारखान्यात येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी मी हे सांगतो, अगदी ऑफिसात बसणाऱ्यालाही.

दुसऱ्या दिवशी अपघाताचा अहवाल लिहायचा होता. माझं अक्षर बरं, म्हणून मला बसवलं. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं: "कामगाराने सुरक्षा साधनात फेरफार केला. निष्काळजीपणा." मला सांगितलं गेलं हे खरं, पण लिहिताना मलाही त्यात चूक दिसली नव्हती. पाचर त्यांचीच होती ना.

आठवड्याने मेंटेनन्सचं रजिस्टर चाळताना मला त्याच प्रेसची एक नोंद सापडली. अपघाताच्या पाच आठवडे आधीची, दादांच्याच अक्षरात, पेन दाबून लिहिलेली: "इजेक्टरची स्प्रिंग तुटली. नग अडकतो." खाली दुसऱ्या अक्षरात शेरा होता: "लोड कमी झाल्यावर करू."

तेव्हा मला सगळं उलगडलं. इजेक्टरचं कामच मुळी नग डायमधून उडवून बाहेर टाकायचं. स्प्रिंग तुटल्यावर नग आतच अडकायचा, तो दरवेळी आकड्याने ओढावा लागायचा. आकडा खाली ठेवून दोन्ही बटणं दाबायची, पुन्हा आकडा उचलायचा, असं केलं तर पाळीचे २,४०० नग होणं शक्य नव्हतं. नग कमी पडले की इन्सेंटिव्ह जाणार. पाचर पूर्वी वेळ वाचवायची एक वाईट सवय होती, त्या पाच आठवड्यांत ती कामाचा भाग झाली. आणि दादांनी सांगितलं होतं. त्यांचा कंदील विझला होता आणि त्यांनी तो विझला म्हणून रजिस्टरमध्ये लिहून दिलं होतं. अपघातानंतर ती स्प्रिंग चाळीस मिनिटांत बदलली गेली.

अहवालातली ती ओळ मी बदलू शकलो नाही. अहवाल आधीच पाठवला गेला होता. पण त्यानंतर गेल्या एवढ्या वर्षांत कारणाच्या रकान्यात 'निष्काळजीपणा' हा शब्द मी लिहिलेला नाही आणि माझ्या हाताखालच्या कुणाला लिहू दिलेला नाही. तो शब्द लिहिला की चौकशी तिथेच थांबते. माणूस सापडला, त्याला समज दिली, फाइल बंद. स्प्रिंग मात्र तुटलेलीच राहते. आता नव्या प्रेसवर दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत एकदम दाबावी लागतात आणि दर स्ट्रोकनंतर दोन्ही सोडावी लागतात. तिथे पाचर ठोकली तर यंत्र चालतच नाही. शिवाय प्रकाशकिरणांचा पडदा असतो, त्यात हात गेला की प्रेस थांबते. यंत्राने चूक पोटात घ्यावी, माणसाने रात्रभर सावध राहावं ही अपेक्षा कमीत कमी ठेवावी, हे मला पटलेलं आहे.

नोकरी करता करता औद्योगिक सुरक्षेचा डिप्लोमा केला तो याच अपघातामुळे. तिथे आमच्या सरांनी एके दिवशी खडूने फळ्यावर एक वाकडी नळी काढली आणि फ्लिक्सबरोची गोष्ट सांगितली. इंग्लंडमधला रसायनांचा कारखाना, ओळीने सहा रिअॅक्टर, म्हणजे रसायनांची प्रक्रिया चालते त्या बंद टाक्या. मार्च १९७४ मध्ये पाचव्या रिअॅक्टरला तडा गेला. उत्पादन थांबू नये म्हणून तो काढून चौथा आणि सहावा एका तात्पुरत्या नळीने जोडले. नळीचं रेखाटन वर्कशॉपच्या जमिनीवर खडूने केलं होतं. गणित करून पाहायला त्या वेळी कारखान्यात जाणकार मेकॅनिकल इंजिनीअर नव्हता. १ जून १९७४ ला ती नळी फाटली, सायक्लोहेक्झेन या ज्वालाग्राही रसायनाचा ढग बाहेर आला आणि पेटला. २८ माणसं गेली. शनिवार होता म्हणून २८. कामाचा दिवस असता तर ऑफिसची इमारत भरलेली असती.

प्रेस बोट नेते, हात नेते, आणि ते नेताना दिसतं. अशा रसायनांच्या प्रोसेस प्लांटमध्ये धोका नळीच्या आत असतो आणि बाहेरून सगळं शांत दिसतं. हेल्मेट, बूट, गॉगल यांचा तिथे फार उपयोग नाही. तिथे लागते ती आतल्या पदार्थाची, दाबाची, तापमानाची आणि काल काय बदललं याची माहिती. भोपाळला २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू बाहेर पडला. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा त्याआधी कित्येक महिने बंद करून ठेवलेली होती. वायू जाळून टाकणाऱ्या फ्लेअरची नळी दुरुस्तीसाठी सुटी केलेली होती. हे कुणापासून लपलेलं नव्हतं. त्या प्लांटमध्ये रोज ये-जा करणाऱ्या माणसांच्या डोळ्यांसमोरची ती पाचरच होती.

आणि पायपर अल्फा. उत्तर समुद्रातला तेलाचा प्लॅटफॉर्म, ६ जुलै १९८८. एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह तपासणीसाठी काढला होता, त्या जागी नुसती एक चकती लावली होती, तीही घट्ट न आवळता. पाळी बदलली. व्हॉल्व्ह काढलाय हे पुढच्या पाळीला कळलं नाही. रात्री दुसरा पंप बंद पडला, म्हणून यांनी हा चालू केला. १६७ माणसं मेली. पण मला त्या गोष्टीतला पुढचा भाग झोपू देत नाही. शेजारच्या प्लॅटफॉर्मवरच्या लोकांना पायपर अल्फा जळताना दिसत होता, तरी त्यांचं तेल त्याच पाइपलाइनमध्ये पंप होत राहिलं आणि आगीला मिळत राहिलं. उत्पादन बंद करायचा निर्णय आपण आपल्या अधिकारात घ्यायचा, असं तिथल्या माणसाला वाटलंच नाही. डोळ्यांसमोर आग आणि हात बटणाकडे जात नाही! हे समजून घ्यायला उत्तर समुद्रापर्यंत जायला नको. अंबडच्या कुठल्याही कारखान्यात रात्री दोन वाजता जाऊन हेल्परला विचारा, "काही गडबड दिसली तर लाइन बंद करशील का?" तो आधी सुपरवायझरच्या केबिनकडे बघेल.

आपल्या कायद्याला हे माहीत नाही असं नाही. भोपाळनंतर १९८७ मध्ये तेव्हाच्या कारखाना अधिनियमात (२०२५ मध्ये त्याच्या जागी नवी संहिता आली) मोठी दुरुस्ती झाली. त्यात कलम ४१-जी आलं, सुरक्षा समितीत कामगार आणि व्यवस्थापन बरोबरीच्या संख्येने. ४१-एच आलं, धोकादायक प्रक्रियेत काम करणाऱ्याला जिवावरचा धोका वाटला तर त्याने व्यवस्थापकाला थेट सांगावं, इन्स्पेक्टरलाही कळवावं, आणि सांगितल्यावर उपाय करणं हे व्यवस्थापनाचं कर्तव्य, असं त्यात म्हटलं होतं. मी ही कलमं कितीतरी सभागृहांत वाचून दाखवली. सगळे माना डोलावतात. मागच्या रांगेत कंत्राटी मुलं बसलेली असतात. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक भागातून आलेली, भातलावणी आटोपली की कारखान्याकडे वळलेली. काम थांबलं की त्या दिवसाचा रोज बुडतो, हे त्यांना कुठल्याही कलमापेक्षा पक्कं ठाऊक असतं.

सिन्नरच्या एका प्लांटमध्ये मी होतो तेव्हाची गोष्ट. एक टाकी आतून साफ करायची होती. आत उतरायचं परमिट तयार होतं, ऑक्सिजनचं रीडिंग लिहिलेलं होतं, २०.९. आत उतरायला कंत्राटदाराचा एक मुलगा पट्टा बांधून उभा. तो उतरेना. सुपरवायझर ओरडत होता, मुलगा मान खाली घालून उभा. मी जवळ गेलो तर मला म्हणाला, "साहेब, मीटरवाल्यांनी नळी वरच धरली होती. खाली सोडली नाही."

मीटरची नळी तळापर्यंत सोडून पुन्हा मोजलं. वर २०.९. मध्ये १९. तळाशी १४.२. त्या टाकीला नायट्रोजनची लाइन जोडलेली होती. व्हॉल्व्ह बंद होता, त्यावर टॅगही होता, पण तो आतून पासिंग होता, म्हणजे बंद असूनही गळत होता, थोडा थोडा नायट्रोजन रात्रभर झिरपत राहिला. नायट्रोजनला रंग नाही, वास नाही, गुदमरल्यासारखंही वाटत नाही. ऑक्सिजन फार कमी झाला असेल तर माणूस दोन-चार श्वास घेतो आणि पडतो. म्हणूनच माणूस आत जाणार असेल तर व्हॉल्व्ह बंद करणं म्हणजे लाइन तोडणं नव्हे. फ्लँज, म्हणजे नळीचा सांधा, उघडून मध्ये पोलादी ब्लाइंड, म्हणजे बिनभोकाची चकती, टाकायचा किंवा नळीचा तुकडाच काढून ठेवायचा. हे आमच्या प्रोसिजरमध्ये लिहिलेलं होतं. ब्लाइंड बसवायला फिटर मिळाला नाही म्हणून त्या दिवशी राहून गेलं होतं.

तो मुलगा पडला असता तर दुसरा त्याला काढायला उतरला असता, मग तिसरा. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेने १९८६ मध्येच सांगून ठेवलंय की अशा बंदिस्त जागांतल्या मृतांमध्ये ६० टक्क्यांहून जास्त माणसं वाचवायला गेलेली होती. आपल्याकडे विहिरीत आणि गटारात एकाच घरातले तिघे गेल्याच्या बातम्या येतात, त्या अशाच.

मी त्याला विचारलं, तुला नळीचं कसं कळलं? तो म्हणाला, "आमच्याकडं विहिरीत उतरायच्या आधी दिवा पार पाण्यापर्यंत सोडत्यात." मी त्याच्यासमोर काही बोलू शकलो नाही. संध्याकाळी कंत्राटदाराने त्याचा अर्धा रोज कापला होता, काम झालं नाही म्हणून. ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. मी मॅनेजरकडे जाऊन बसलो आणि उठलोच नाही. महिन्याभराने कंत्राटाच्या ऑर्डरमध्ये एक ओळ वाढली: सुरक्षेच्या कारणाने काम थांबलं तर त्या वेळेची मजुरी कंपनी देईल. माझ्या अख्ख्या नोकरीत माझ्या हातून झालेलं सगळ्यात उपयोगाचं काम कुठलं, असं कुणी विचारलं तर मी ती ओळ दाखवीन.

दिंडोरीच्या बाजूला माझ्या एका मित्राची छोटी वायनरी आहे. जानेवारी ते मार्च द्राक्षं येतात, तेव्हा मी एकदा तरी चक्कर मारतो, कारण तिथला धोका लोकांना धोका वाटतच नाही. लिटरभर द्राक्षरस आंबताना साधारण ५० लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. दहा हजार लिटरची टाकी धरली तर पाच लाख लिटर. हा वायू हवेपेक्षा जड, खाली साचून राहणारा. वाइन काढून घेतली की तळाशी साली-बियांचा चोथा उरतो आणि तो फावड्याने ओढायला माणूस मॅनहोलमधून आत वाकतो. फक्त डोकं आणि खांदे आत, पाय बाहेर, म्हणून आपण आत गेलोय असं त्याला वाटत नाही. नाक मात्र आत असतं. मित्राने आता मीटर घेतलाय, टाकीत पंख्याने हवा सोडतो, आणि मॅनहोलवर साखळी लावून किल्ली स्वतःच्या गळ्यात ठेवतो. पिंपळगावकडे द्राक्षं थंड करणाऱ्या शीतगृहांत अमोनिया असतो. तो निदान नाकाला झोंबून सांगतो तरी. तिथे मी एवढंच बघतो की छतावरचा वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा फाटलेला नाही ना, आणि पळायचं कुठे हे गेटवरच्या वॉचमनला माहीत आहे ना.

बऱ्याच कारखान्यांच्या गेटवर एक फलक असतो: 'अपघाताविना दिवस', पुढे आकडा. एका ठिकाणी तो ४०० च्या वर गेला होता आणि ५०० झाले की प्रत्येकाला मिक्सर मिळणार होता. मी रुजू झाल्यावर पंधरा दिवसांत तीन माणसं मनगटाला रुमाल गुंडाळून काम करताना पाहिली. एकाला विचारलं तर म्हणाला, "घरी लागलं." त्याच्या बाजूचा मान वळवून उभा राहिला. मिक्सर सगळ्यांचा जाणार होता, बोलणार कोण? हा फलक लावणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, हे मी मानतो. पण त्याने अपघात कमी होत नाहीत, सांगणं कमी होतं. आम्ही बक्षीस काढून टाकलं आणि फलकावर दुसरा आकडा लिहायला लागलो, या महिन्यात किती जणांनी काहीतरी बिघडलेलं सांगितलं, आणि त्याखाली त्यातलं किती दुरुस्त झालं. दुसरा आकडा मागे पडला की लोक मला कॅन्टीनमध्ये गाठून विचारायचे. विचारायलाच हवं होतं.

खंडेनवमीला सगळ्या नाशिकच्या कारखान्यांत यंत्रं थांबतात. पुसून लख्ख होतात, झेंडूच्या माळा, हळद-कुंकू, नारळ. मला तो दिवस फार आवडतो, आणि पूजेच्या आधी मी एकटा एक फेरी मारतो. कारण त्या दिवशी वर्षभर कोपऱ्यात पडलेली गार्ड, म्हणजे यंत्रांच्या फिरत्या भागांवरची संरक्षक झाकणं आणि जाळ्या, जागेवर येतात. माळ अडकवायला, फोटोत बरं दिसायला, पण येतात. कुठलं गार्ड कुठल्या यंत्राचं, कुठलं बसवताना बोल्ट सापडला नाही, कुठल्याची जाळी काम करताना हाताला आडवी येते, ते सगळं त्या तासाभरात कळतं. मी वहीत टिपून घेतो. जे आडवं येतं ते दसऱ्यानंतर वर्कशॉपमध्ये नेऊन बदलून घेतो, काम करणाऱ्यालाच विचारून. नाहीतर ते पुन्हा कोपऱ्यात जातं, पुढच्या झेंडूपर्यंत.

१ जानेवारी २०२३, रविवार. इगतपुरी तालुक्यात मुंढेगावच्या एका कारखान्यात मोठी आग लागली. दोन महिला कामगार त्याच दिवशी गेल्या, कितीतरी जण भाजले. नव्या वर्षाच्या शुभेच्छा येत होत्या त्याच फोनवर धुराचे फोटो येऊ लागले. त्या आठवड्यात आमच्याकडे टूलबॉक्स टॉकला, म्हणजे काम सुरू करण्याआधीच्या सुरक्षेच्या छोट्या बैठकीला, कुणीही उशिरा आलं नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा उशीर सुरू झाला. माणसं वाईट नसतात, भीती ओसरते. म्हणून भीतीवर उभं केलेलं काम मला नको वाटतं.

गेल्या पावसाळ्यातली एक रात्र सांगतो. अडीचच्या सुमाराला फोन वाजला. प्लांटवरची नवी ट्रेनी मुलगी, लागून चारच महिने झालेले. आवाज कापत होता. "सर, रिअॅक्टरच्या बाजूच्या लाइनला मला वेगळा आवाज येतोय. शिफ्ट इनचार्ज सर म्हणतात नेहमीचाच आहे. मी चार्जिंग थांबवलंय." चार्जिंग म्हणजे रिअॅक्टरमध्ये माल सोडणं. मी विचारलं, थांबवलंयस ना नक्की? म्हणाली, हो. मी म्हटलं, मग राहू दे तसंच, मी येतो.

पाथर्डी फाट्यावरून पाऊस चुकवत गाडी काढली. पोहोचलो तेव्हा ती आणि इनचार्ज दोघंही त्या लाइनपाशी उभे होते, एकमेकांशी न बोलता. आम्ही तिघांनी मिळून सगळी लाइन पायाखाली घातली. दाब पाहिला, तापमान पाहिलं, फ्लँजला साबणाचं पाणी लावून पाहिलं, पंपाचं बेअरिंग हाताने आणि मीटरने तपासलं. दीड तास गेला. काहीही नव्हतं. पावसाच्या पाण्याने एका क्लॅम्पचं रबर सरकलं होतं आणि नळी आधाराच्या अँगलवर वाजत होती. रबर सारखं केलं, आवाज थांबला.

मुलीचा चेहरा पडला होता. बॅच उशिरा निघणार हे तिला माहीत होतं. इनचार्ज माझ्याकडे बघत होते, मी काय बोलतो त्याची वाट पाहत. मी कॅन्टीनला फोन करून तिघांसाठी चहा मागवला आणि इनचार्जना म्हटलं, "साहेब, तुम्ही तिला थांबवू दिलंत, हे बरं केलंत." ते काही बोलले नाहीत, पण त्यांनी खुर्ची ओढून तिला बसायला दिली.

मग मी लॉग बुक पुढे घेतलं आणि पेन तिच्या हातात दिलं. तिने विचारलं, काय लिहू? मी म्हटलं, झालं ते. तिने लिहिलं: "०२:१० ला आवाज वेगळा वाटला म्हणून चार्जिंग थांबवलं. तपासणीत क्लॅम्पचं रबर सरकलेलं आढळलं. ०४:१५ ला पुन्हा सुरू." खाली सही केली. इनचार्जनी सही केली. मी केली.

सकाळी नऊला प्लांट हेड आले, रोजच्यासारखं लॉग बुक मागवलं. मी समोरच बसलो होतो. त्यांनी ती नोंद दोनदा वाचली, घड्याळाकडे पाहिलं, बहुतेक दोन तास पाच मिनिटांचा हिशेब केला असेल. मग खिशातून पेन काढून खाली लिहिलं, "पाहिलं. सर्व क्लॅम्पची रबरं आजच तपासावीत," आणि त्या मुलीला निरोप पाठवला की रात्री झोप झाली नसेल, आज लवकर घरी जा, हजेरी पूर्ण लागेल.